शेवंताचं सोबतीण मंडळ

भिलाईच्या कॅम्पात तेव्हा दोन खोल्यांच्या मधे भिंत नसायची, पत्रा असायचा. पलीकडचं खोकणं, भांडणं, भांडी घासणं सगळं अलीकडे ऐकू यायचं. समजायचं मात्र काही नाही, कारण शेवंता रामटेकेच्या पत्र्याच्या पलीकडे जे नवरा-बायको राहत होते, ते भांडत तेलुगूत आणि मनवतही तेलुगूत.

शेवंता गोंदियाकडची. नवरा जानराव कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होता. उंच लोखंडी सांगाड्यांवर चढायचं, क्रेनला दोर बांधायचे, खालच्या माणसाला हातानं खुणा करायच्या असं त्याचं काम. माणूस भला, पण दिवसभर खुणांनीच बोलायची सवय लागल्यासारखा घरी आल्यावरही गप्पच असायचा. जेवायचा, चांगलं झालं असेल तर मान हलवायचा आणि झोपायचा. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर दोघांनी गाव सोडलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या पत्र्यावर थापा पडायला लागल्या. आधी शेवंताला वाटलं, खिळा ठोकत असतील. मग थापांच्या मधे कण्हणं ऐकू आलं. ती तांदळाचं सूप तसंच टाकून पलीकडे धावली. पलीकडची बाई, नरसम्मा, जमिनीवर आडवी पडली होती आणि एका हातानं पत्रा बडवत होती. पोट दिसत होतंच. तिचा नवरा कामावर, आणि साऱ्या ओळीत त्या वेळी एकही पुरुष माणूस नाही.

शेवंताला बाळंतपण करता येत नव्हतं. तिला एवढंच सुचलं की गल्लीत चेच नावाची पालेभाजी विकायला येणारी बिसाहीन सुईणपण करते म्हणतात. तिनं दारातून हाक मारली. बिसाहीन रुआबांध्याकडची छत्तीसगढी बाई. टोपली उतरवून आत आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "पानी तिपो बाई, झटकन." पाणी तापवायला सांगते आहे, एवढं शेवंताला हातवाऱ्यावरून कळलं.

पोरगा झाला. बिसाहीननं नाळ कापली, न्हाऊ-माखू घातलं आणि उरलेली भाजी विकायला निघून गेली. शेवंता मात्र बसून राहिली. नरसम्मा सारखा एकच शब्द बोलत होती, "नीळ्ळू, नीळ्ळू." शेवंताला वाटलं, हिची बहीण असेल नीलू नावाची. ती तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत राहिली, "येईल व बाई, नीलू येईल. कागद धाडू तिले." शेवटी नरसम्मानं कोपरावर उठून पाण्याच्या मडक्याकडे बोट दाखवलं, तेव्हा शेवंताच्या ध्यानात आलं की ही मघापासून पाणी मागून राहिली आहे. दोघी हसल्या. नरसम्माला हसताना पोटात कळ आली, तरी ती हसत होती.

बारा दिवस होईपर्यंत शेवंता रोज पलीकडे जाऊन बसली. नरसम्माची आई दूर श्रीकाकुळमकडे, सासू त्याहून दूर. नवरा सिमेंटनं भरलेला यायचा आणि पोराकडे घाबरून पाहायचा. पाळणा नव्हता, म्हणून शेवंतानं आपलं जुनं लुगडं आढ्याच्या लाकडाला बांधलं आणि पोराला त्यात ठेवलं. नाव त्यांनी सिंहाचलम ठेवलं. शेवंताच्या जिभेला ते काही वळेना. ती त्याला शिमू म्हणायची, मग सगळेच शिमू म्हणायला लागले. नरसम्मा तिला अक्का म्हणायला लागली.

त्या दिवसांत शेवंताला एक गोष्ट दिसली. कॅम्पातल्या बाईला सुईण मिळत होती, दवाखान्याची नर्सही कधी सायकलवर येऊन जात होती. मिळत नव्हती ती नुसती बसणारी बाई. पंजाबातून, बंगालातून, केरळातून, बिहारातून कोवळ्या पोरी नवऱ्यामागं आल्या होत्या. पहिलं बाळंतपण, जवळ ना आई ना मावशी. बाळ रडलं तर का रडतं हे सांगणारं कोणी नाही. बाळंतिणीला डोळा लागला तर पोराकडे पाहणारं कोणी नाही.

म्हणून शेवंता घरोघर फिरायला लागली. तिच्याजवळ बोलण्याची काही कला नव्हती. दारात उभी राहून ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणायची, "उधर तीन नंबर लाईन में बाई बाळंत हुई है. तुम सबेरे बैठोगी क्या? खाली बैठने का. दुपार को मैं बैठती." नाही म्हणणाऱ्या फार थोड्या निघाल्या. ज्यांच्याकडे ती बसली होती त्या दुसरीकडे बसायला लागल्या, आणि असं करता करता पाळ्या लागल्या. कोण कुठं, कधी, हे सगळं शेवंताच्या डोक्यात असायचं. कुणी तरी त्याला साथिन मंडली म्हटलं. शेवंता सोबतीण मंडळ म्हणायची. नाव कुठलंही घ्या, कॅम्पात ते सगळ्यांना कळत होतं.

भांडणंही झाली. बंगाली बेलादी एकदा तावातावानं सांगत आली की नरसम्मा बाळंतिणीला पाणीच पिऊ देत नाही. नरसम्माचं म्हणणं, पाणी दिलं की पोट सुटतं, तिच्या आईनं तिला तसंच सांगितलं होतं. पंजाबी बचनकौर म्हणाली, पाण्याचं सोडा, इथं कुणी तूपच देत नाही, पोरी उठतील कशा? बिसाहीन तिच्या मुळ्या टाकून उकळलेलं कांके पाणी घेऊन दारात उभी. तिघीचौघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि जिच्यावरून हे चाललं होतं ती केरळची कोवळी पोर भिंतीला टेकून रडत होती.

शेवंता तिच्याजवळ बसली. "तेरी माँ क्या देती तेरे को?" तिनं विचारलं.

पोरीनं डोळे पुसून काहीतरी सांगितलं. कुणाला पूर्ण कळलं नाही. पण भात, मिरे आणि लसूण एवढं कळलं.

"बस, मग तेच," शेवंता म्हणाली. "जिसकी बाळंतीण, उसकी माँ का खाना. अपना अपना ज्ञान अपने घर."

तेव्हापासून मंडळाचा हाच कायदा झाला. बाकीचा कायदा नव्हताच.

हे सगळं सांगताना असं वाटेल की शेवंताचं घर माणसांनी भरलेलं असायचं. तसं नव्हतं. बायका तिच्या दाराशी यायच्या, पाळी विचारायच्या आणि जायच्या. ती ज्यांच्याकडे बसायची त्या बाळंतिणीला डोळे मिटायचे असत, बोलायचं नसे. बोलायची वेळ आली तरी शेवंताच्या हिंदीत दुखतं का, भूक लागली का, पोरगं प्यालं का एवढंच मावायचं. आपल्या गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, पहाटे धुकं कसं उतरतं, हे सांगायला तिच्याजवळ हिंदी नव्हती आणि ऐकायला कुणाजवळ मराठी नव्हती.

मराठी बोलणारी एक होती. टाउनशिपच्या ऑफिसात विजयकुमार नावाचे हेडक्लार्क होते, अमरावतीकडचे. त्यांची बायको कमलिनीबाई. तिनं मंडळाबद्दल ऐकलं आणि स्वतःहून शेवंताला भेटायला कॅम्पात आली. मराठी कानावर पडल्याबरोबर शेवंता एवढी हरखली की एका दमात दहा गोष्टी सांगून बसली. कमलिनीबाई कौतुकानं ऐकत होती. मग म्हणाली, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

"रामटेके."

"अस्सं," कमलिनीबाई म्हणाली. आवाज तसाच गोड होता, फक्त तिनं पदर सावरून घेतला.

पुढं कमलिनीबाईनं मंडळासाठी पुष्कळ केलं, हे खोटं म्हणता येणार नाही. ऑफिसात बोलून तिनं दुपारच्या वेळी बसायला एक खोली मिळवून दिली. दवाखान्यातून कापूस, बाळाच्या डोळ्यांचं औषध आणवलं. ती शेवंताशी तासन्‌तास बोलायची, पण आपल्या क्वार्टरच्या फाटकाशी उभी राहून. "या हो आत," असं ती बेलादीला म्हणायची, बचनकौरला म्हणायची. शेवंताला म्हणायची, "थांबा हं, मीच येते बाहेर." शेवंताला मागं कधी कळत नव्हतं ते आता कळलं. तेलुगू, पंजाबी, मल्याळी बायकांना ती नुसती महाराष्ट्रवाली होती. तिची भाषा ज्यांना समजत होती, त्यांनाच तिची जातही समजत होती.

तिच्या स्वतःच्या लोकांचीही घरं होती की. खुर्सीपारकडच्या झोपड्यांत भंडारा, गोंदिया, नागपूरची बरीच बौद्ध कुटुंबं होती. रविवारी वंदनेला ती आणि जानराव जायचे. तिथली पंचफुला तिच्याच बाजूच्या गावची. ती तोंडावर बोलायची.

"काय व शेवंता, तू त्या परमुलखी बायांच्या मांग कावून धावून राहिली? आपल्या बायाइले पाहाले कोनी नाई अन् तू तेलंगणीचे पोट्टे न्हाऊ घालून राहिली."

"आपल्या बायाइजवळ तुमी हा ना सगळ्या," शेवंता म्हणाली. "त्याइच्याजवळ कोनीच नाई."

"अन् तुह्याजवळ?" पंचफुलानं विचारलं. तिनं सहजच विचारलं. तेवढ्यात तिचं धाकटं पोरगं पडलं म्हणून ती उठून गेली, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची शेवंतावर वेळ आली नाही. वंदना झाल्यावर बायका पोरांच्या गोष्टी काढायच्या. कुणाचं दात येणं, कुणाची शाळा. शेवंता ऐकायची आणि थोड्या वेळानं जानरावला खूण करायची, चला.

पहिली भट्टी पेटली, लोखंड वाहिलं. मग दुसरी पेटली, तिसरी पेटली. कॅम्पातल्या माणसांना सेक्टरांमधे पक्की घरं मिळायला लागली. जानराव आता कोक ओव्हनवर होता. त्यालाही क्वार्टर मिळालं, विटांच्या भिंतीचं. आता पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. नरसम्मा दुसऱ्या सेक्टरात गेली. पण आठवड्यातून एकदा तरी ती शिमूला घेऊन यायची, नाहीतर शेवंता जायची. दोघींची एक वेगळीच भाषा झाली होती, थोडी हिंदी, थोडी तेलुगू, थोडी गोंदियाची, आणि ती त्या दोघींखेरीज कुणालाही कळली नसती.

नरसम्माला दुसऱ्यांदा दिवस गेले, ते मधे दोनदा पोट पडल्यानंतर. शेवंतानं तिला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही असंच म्हणायला हवं. रोज दुपारी जाऊन ती तिचं पाणी भरायची, कपडे धुवायची. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. या वेळी श्रीकाकुळमहून नरसम्माची सासू आली होती.

तेलुगू लोक पाळण्यात घालण्याच्या कार्यक्रमाला 'बारसाला' म्हणतात. शेवंताला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. इतक्या शब्दांमधे हा एक शब्द आपला निघाला! ती जानरावलाही सांगत बसली, "पाहा बरं, बारसं म्हणजे त्याइच्यातही बारसाच." बारशासाठी तिनं एक हिरवं झबलं शिवलं, गळ्याशी लाल दोऱ्याचे टाके घातले. नवं लुगडं नेसून ती दुपारी नरसम्माच्या घरी गेली.

दारात सासू उभी होती. म्हातारीनं हात जोडले. रागानं नाही, उलट फार नरमाईनं ती काहीतरी बोलली. शेवंताला तेलुगू आता तेवढी समजत होती. म्हातारी म्हणत होती, तुझे फार उपकार आहेत अम्मा, पण पोरीला पाळण्यात घालताना आत येऊ नकोस. जिची कूस उजवली नाही तिची सावली आज नको. उद्या ये, जेवायला ये.

आत बायका गाणी म्हणत होत्या. बेलादी होती, बचनकौर होती, फाटकाच्या आतल्या कमलिनीबाईसुद्धा होत्या. साऱ्या मंडळाच्याच. नरसम्मा पाळण्याजवळ बसली होती आणि तिथून दार सरळ दिसत होतं. तिनं शेवंताकडे पाहिलं. म्हातारी काय बोलली तेही तिनं ऐकलं असणार. शेवंता वाट पाहत राहिली. नरसम्मानं मान खाली घातली आणि पोरीचं दुपटं नीट करायला लागली.

शेवंतानं झबलं म्हातारीच्या हातात दिलं. "मुलीले घाला," ती मराठीतच म्हणाली आणि परत फिरली. रस्त्यानं शिमू धावत मागं आला, "अक्का, लड्डू नहीं खाया!" तिनं त्याला जवळ घेतलं, त्याचं नाक पुसलं आणि परत पाठवलं.

घरी जानराव शिफ्टवरून येऊन बसला होता. "झालं बारसं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"लवकर आली?"

"ऊन होतं," ती म्हणाली. त्यानं मान हलवली.

ती मंडळ सोडेल असं कुणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन बाळंतिणी होत्या, पाळ्या लावायच्या होत्या. ती फिरली. फक्त बारशाच्या दिवशी ती कुणाकडेच जायची नाही, आणि कुणी विचारलंही नाही की का येत नाही. नरसम्माकडचं जाणं कमी झालं. नरसम्माचं येणंही कमी झालं. यायची तेव्हा दोघी बाजारभावाचं बोलायच्या, ती दोघींची भाषा त्यात लागतच नव्हती.

दोन-अडीच वर्षांनी जानरावची आई आजारी पडली म्हणून गावाहून तार आली. जानराव गेला. शेवंताही जाणार होती, पण बेलादीची बहीण बाळंत व्हायच्या बेतात होती, म्हणून ती मागं राहिली. तो गेला आणि शेवंताला हिवताप चढला. एक दिवसाआड यायचा. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी हाडं खिळखिळी व्हायची, दोन गोधड्या अंगावर घेऊन ती दात वाजवत पडायची. ज्या दिवशी नसायचा त्या दिवशी उठून पाणी भरायची, चार घास खिचडी शिजवायची, दवाखान्यातून कडू गोळ्या आणायची. शेजारच्या एका क्वार्टरात बिनलग्नाचे पोरगे राहत होते, दुसरं रिकामंच होतं.

नळावर बायका भेटायच्या. "चेहरा उतर गया दीदी का," बेलादी म्हणाली. आणि लगेच, "कल सबेरे कौन बैठेगा? मेरी तो सास आ रही है."

"बचनकौर को बोलती मैं," शेवंता म्हणाली.

एकदा ताप भरलेला असताना दारावर थाप पडली. कमलिनीबाईची नलू होती, कॉलेजात जाणारी मुलगी. बाहेरूनच म्हणाली, "शेवंताबाई, आईनं विचारलंय, उद्या दुपारी कुणाची पाळी?"

शेवंता गोधडीत होती. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. ढकललं असतं तर उघडलं असतं. तिच्या मनात आलं, म्हणावं, पोरी, आत ये, मले एक पेला पाणी दे. तोंडापर्यंत आलं. इतकी वर्षं तिनं दारोदार उभं राहून दुसऱ्यांसाठी माणूस मागितलं होतं आणि कधी लाज वाटली नव्हती. स्वतःसाठी मागायला जीभ उचलेना.

"उद्या दुपारी साधना," मंडळात नव्यानं आलेल्या एकीचं नाव तिनं आतूनच सांगितलं. "अन् संध्याकाळी मी पाहतो."

"बरं," नलू म्हणाली. चपला वाजत गेल्या.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, शेवंताबाईजवळ कोणीतरी असेलच. साऱ्या कॅम्पाला सोबत देणारी बाई, तिला कशाची वाण?

हळूहळू ताप उतरला. जानराव परत आला तो आईला पोचवून, डोकं भादरून. सोबत नव्या चिनोर तांदळाचं अर्धं पोतं होतं. बायकोकडे पाहून तो दारातच थबकला. "हे काय व? अशी कावून दिसून राहिली?"

"हिवताप होता. आता नाई."

"अन् सोबतीले कोन होतं?"

शेवंता चुलीपाशी बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. जानराव आईला जाळून आलेला, डोळे सुजलेले. त्याला खरं सांगितलं असतं तर त्याला आपण गेलो याचंच वाईट वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ते मोठ्यानं ऐकायचं नव्हतं.

"साऱ्याच होत्या," ती म्हणाली. "पाळीपाळीनं आल्या. नरसम्मा तर रोजच होती."

जानरावचा चेहरा जरा निवळला. "बरं झालं," तो म्हणाला. त्याच्यासाठी ते पुष्कळ बोलणं होतं.

पुढं त्यानं जे केलं ते शेवंताच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती पाळीवर गेली असताना त्यानं ते तांदळाचं पोतं सायकलला बांधलं आणि घरोघर फिरला. बेलादीकडे, बचनकौरकडे, साधनाकडे, कमलिनीबाईंच्या फाटकाशी. प्रत्येकीला पायलीभर तांदूळ मोजून दिला आणि हात जोडून म्हणाला, "मी नव्हतो तर तुमी तिले तापात पाहिलं. गावचा तांदूळ आहे, गोड मानून घ्या." आयुष्यभर खुणांनी बोललेला माणूस त्या एका दिवसात एवढं बोलला. बायका गोंधळल्या. कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. शेवटी तो नरसम्माकडे गेला आणि तिला दुप्पट दिला. "तू तर रोज होती म्हणे," तो म्हणाला.

नरसम्मा तांदळाचं भांडं धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताचं घर भरलं. त्या क्वार्टरात एवढ्या बायका आधी कधीच आल्या नव्हत्या. बचनकौरनं पिन्नीचे लाडू आणले होते, बेलादीनं खीर, साधनानं धिरडी. कमलिनीबाई उंबरठ्याशी क्षणभर घुटमळल्या, मग आत येऊन चटईवर बसल्या. कुणी शेवंताचा हात धरला, कुणी कपाळाला हात लावून पाहिला. ताप केव्हाच गेलेला. "बताना था ना, बताना था," सगळ्या म्हणत होत्या. शेवंता सगळ्यांसाठी चहा करत होती. कप कमी पडले म्हणून पितळेचे पेले काढले. कमलिनीबाईंनी पेला घेतला आणि चहा प्यायल्या. आणि शेवंताला वाटलं, यांनी लवकर जावं. त्या तिच्यासाठी आल्या नव्हत्या, त्या तांदळासाठी आल्या होत्या. तो तांदूळ घरात ठेवायला त्यांना जड होत होतं.

गेल्या एकेक करून. नरसम्मा मागं राहिली.

"तूने बोला क्यों नहीं अक्का?" तिनं विचारलं.

"दार खुला था," शेवंता म्हणाली.

नरसम्मा रडायला लागली. "उस दिन बारसाला में... मैं सास को कुछ बोली नहीं..."

"राहू दे."

"मैं डर गई थी. दो बार पेट गया था ना अक्का. मेरे को भी लगा, कहीं..."

इतके दिवस शेवंतानं मनाशी धरलं होतं की नरसम्मा सासूच्या धाकानं गप्प राहिली. आता कळलं, तिलाही तसंच वाटलं होतं. शेवंताला राग आला नाही. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बोडीचा तळ दिसतो, तसं काहीतरी आत दिसलं एवढंच. तिनं पेल्यांचा ढीग केला. "चल, भांडी घासू," ती म्हणाली. दोघींनी मोरीवर बसून भांडी घासली. नरसम्मा राख लावायची, शेवंता विसळायची. जाताना नरसम्मानं तिला मिठी मारली, शेवंतानंही तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण त्यानंतर शेवंता तिला बोलवायला स्वतः कधी गेली नाही.

पुढं मंडळ आपोआपच विरलं. कुणी बंद केलं नाही. मोठा दवाखाना झाला, बाळंतपणं तिथं व्हायला लागली. नोकऱ्या पक्क्या झाल्यावर गावाकडून सासवा आणि आया गाडीनं येऊन राहायला लागल्या. बंगाल्यांची पूजा वेगळी, तेलुगूंची समिती वेगळी, मल्याळ्यांचा समाज, मराठी मंडळ, ज्याची त्याची जागा झाली आणि बायका आपापल्या भाषेत जाऊन बसल्या. त्यांचं काही चुकलं असं नाही. ज्याला आपली भाषा मिळाली तो मोडकी भाषा कशाला बोलेल? मराठी मंडळानं एका हळदीकुंकवाला शेवंताला सत्काराला बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. निवेदन करणाऱ्या बाईनं तिचं नाव रामटेकेऐवजी रामटेककर वाचलं. शेवंता शालीची घडी घालून घरी आली.

दुपारच्या खोलीत आता ती एकटीच जायची. काही दिवस ती उघडून झाडून बसायची. मग ती खोली कुण्या पोरांच्या कॅरमसाठी दिली गेली.

सदुसष्टच्या हिवाळ्यात ती मोठ्या दवाखान्यात जायला लागली. भेटीच्या वेळी बायकांच्या वॉर्डात जायची, खाटांच्या ओळीवरून नजर फिरवायची. जिच्या खाटेजवळ कोणी नसेल तिच्याजवळ स्टूल ओढून बसायची. बहुतेक खेड्यातल्या छत्तीसगढी मजूर बायका असत, नाहीतर ठेकेदाराकडे नव्यानं आलेल्या. नर्सा तिला ओळखायला लागल्या होत्या. पहिल्यांदा कुणी विचारलं, "आप इनकी कौन?" तेव्हा ती गोंधळली होती. आता कुणी विचारत नव्हतं.

एका दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवर एक काळीसावळी पोर होती, शेजारी कपड्यात गुंडाळलेलं बाळ. शेवंता स्टूल घेऊन बसली. "पानी चाहिए क्या?" तिनं विचारलं.

पोरीनं तिच्या लुगड्याच्या काठाकडे, कपाळाकडे, हातातल्या काकणांकडे पाहिलं. "मावशी," ती म्हणाली, "तुमी कोन्या गावच्या?"

शेवंताला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. "तू कोन्या गावची?"

"सडक अर्जुनीच्या पुढं. मालक इतं ठेकेदारीत लागले. आमाले कोनी ओयखत नाई इतं. तुमी सांगा ना. तुमचं गाव कोनतं?"

किती वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शेवंतानं स्टूल खाटेजवळ ओढलं. गावाचं नाव सांगितलं. पोरीनं ऐकलेलं होतं, मामाची सोयरीक होती तिकडे. मग शेवंता सांगत सुटली. बोडी कुठं होती, तिच्या पाळीवर, बांधावर, मोहाची झाडं किती होती, आई शिंगाडे काढायला कंबरभर पाण्यात उतरायची तेव्हा ती पाळीवर भावाला घेऊन कशी बसायची. धान कापणीच्या दिवसांत सारं आंगण कसं पिवळं व्हायचं. ती बोलत होती आणि शब्द आपोआप येत होते, एकालाही शोधावं लागत नव्हतं.

पोर काही वेळ हं, हं म्हणत राहिली. मग तिचे डोळे जड झाले. बाळंतिणीला झोप अशीच येते, एकदम. शेवंताला ते कुणी सांगायला नको होतं. पोरीचा हात खाटेवरून खाली लोंबला, तो तिनं उचलून पांघरुणात घातला. बाळ कुरकुरलं तसं तिनं एका बोटानं त्याच्या पोटावर थोपटलं.

आणि आवाज लहान करून ती पुढं सांगत राहिली, की एकदा पुराच्या वर्षी बोडी फुटली होती, आणि गावातल्या साऱ्या बाया डोक्यावर माती घेऊन कशा धावल्या होत्या. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. वॉर्डातले लोक उठून जायला लागले. शेवंतानं फुटलेली बोडी बांधून होईपर्यंत गोष्ट सांगितली, मग स्टूल जागेवर नेऊन ठेवलं आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.